बर्फावरचं देणं

13 डिसेंबर 1893 रोजी, सायबेरियाच्या उत्तरेला गोठलेल्या समुद्रात रुतून बसलेल्या 'फ्राम' या नॉर्वेजियन जहाजावर क्विक नावाची कुत्री व्याली. पिल्लं झाली तेरा. जहाजावर माणसंही तेराच होती आणि तारीखही तेरा. मोहिमेचा नेता फ्रिट्यॉफ नान्सेन याने हा योगायोग आपल्या रोजनिशीत टिपून ठेवला. सूर्य दिसेनासा होऊन कित्येक आठवडे लोटले होते. भर दुपारीही बाहेर काळोखच असे.

त्याच दिवसांत एका रात्री एक पांढरं अस्वल जहाजाला लावलेल्या फळीवरून सरळ वर चढून आलं आणि बांधलेल्या कुत्र्यांपैकी काही उचलून घेऊन गेलं. हरवलेल्या कुत्र्यांच्या शोधात कंदील घेऊन निघालेला पेडर हेंड्रिक्सेन त्याच अस्वलाच्या तावडीत सापडला. अस्वलाने त्याच्या कमरेला चावा घेतला. पेडरने हातातला कंदीलच अस्वलाच्या डोक्यात हाणला आणि जीव वाचवला.

ध्रुवप्रदेशाचा इतिहास आपण बहुधा अक्षांशांनी मोजतो. कोण किती उत्तरेला पोचलं, कोणी कोणाचा विक्रम मोडला, हेच त्यात येतं. फ्रामच्या मोहिमेतही तसे आकडे आहेत आणि ते थक्क करणारे आहेत. पण नान्सेनने लिहिलेली हकिगत वाचत गेलं की आकडे मागे पडतात आणि कुत्री, अस्वलं, वॉलरस, कोल्हे, पक्षी पुढे येतात. त्या बर्फात दोन माणसं पंधरा महिने जगली ती या प्राण्यांच्या जिवावर. या मोहिमेचा खरा जमाखर्च त्यांच्याच नावाने मांडायला हवा.

मुळात ही मोहीम निघाली एका फुटलेल्या जहाजामुळे. 'जेनेट' नावाचं अमेरिकन जहाज 1881 च्या जून महिन्यात सायबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं. तीन वर्षांनी, 1884 मध्ये, त्या जहाजावरच्या वस्तू ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ बर्फावर सापडल्या. म्हणजे मधल्या काळात त्या जगाच्या माथ्यावरून वाहत आल्या होत्या. नान्सेनने यातून सरळ निष्कर्ष काढला: उत्तर ध्रुवाभोवतीचं बर्फ स्थिर नाही, ते वाहतं. मग त्याच्याशी झुंजायचं कशाला? बर्फात मुद्दाम अडकून घ्यावं आणि त्याच्याबरोबर वाहत जावं. जाणकारांपैकी अनेकांनी हा वेडेपणा ठरवला. पण नान्सेन हा नुसता साहसी माणूस नव्हता. तो प्राणिशास्त्रज्ञ होता, मज्जातंतूंच्या रचनेवर त्याने 1888 मध्ये डॉक्टरेट मिळवली होती आणि त्याच वर्षी स्कीवरून ग्रीनलंडचं बर्फाच्छादित पठार ओलांडून दाखवलं होतं. जहाजबांधणीतला जाणकार कॉलिन आर्चर याने त्याच्यासाठी फ्राम बांधलं. त्याचा तळ गोलसर ठेवला, म्हणजे बर्फाने दोन्ही बाजूंनी दाबलं की जहाज चिरडण्याऐवजी वर उचललं जावं.

24 जून 1893 रोजी फ्राम ख्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लोहून निघालं. वाटेत खाबारोवा या वस्तीवर सायबेरियन कुत्र्यांचा ताफा घेतला. सप्टेंबरअखेर जहाज बर्फात पक्कं रुतलं. आर्चरचं गणित बरोबर ठरलं: बर्फ कर्कशत, गडगडत येई आणि जहाज हळूहळू वर उचललं जाई. वाहण्याची गती मात्र फार मंद होती. कधी उत्तरेला, कधी पुन्हा दक्षिणेला असं जहाज भरकटत राहिलं.

नान्सेनमधला प्राणिशास्त्रज्ञ या संथ काळातही जागा होता. 3 ऑगस्ट 1894 रोजी त्याची एक जुनी इच्छा पूर्ण झाली. रॉसचा कुरव हा त्या काळी अगदी थोड्या लोकांनी पाहिलेला पक्षी. पूर्ण वाढीच्या कुरवाच्या छातीवर फिकट गुलाबी झाक असते. बर्फाच्या त्या पसाऱ्यात तो जहाजाजवळ उडत आला. नान्सेनला मनापासून आनंद झाला, आणि त्याने तो मारला. त्या काळचं प्राणिशास्त्र असंच होतं: पक्षी ओळखायचा म्हणजे त्याला हातात घ्यायचा, आणि हातात घ्यायचा म्हणजे मारायचा. कौतुक आणि गोळी एकाच माणसाच्या ठायी होती, आणि पुढच्या दोन वर्षांच्या हकिगतीत ही दोन्ही टोकं सतत दिसत राहतात.

जहाज ध्रुवावरून जाणार नाही हे स्पष्ट झाल्यावर नान्सेनने ठरवलं की आपण चालत निघायचं. सोबतीला त्याने यालमार योहान्सेनला निवडलं. हा उत्तम स्कीपटू आणि कसरतपटू, फ्रामवर जागा मिळावी म्हणून भट्टीत कोळसा टाकण्याचं काम पत्करून आलेला. 14 मार्च 1895 रोजी, 84 अंश उत्तरेला, दोघं निघाले. बरोबर तीन घसरगाड्या, दोन कयाक होड्या आणि अठ्ठावीस कुत्री. जहाज सतत वाहत असल्याने परत येऊन ते सापडण्याची आशा नव्हती. ध्रुवाकडे जायचं आणि तिथून दक्षिणेला, फ्रांझ योझेफ लँड या बेटांकडे उतरायचं, असा बेत होता. जहाजाचा ताबा त्यांनी कप्तान ओटो स्वेरद्रुपकडे सोपवला.

थंडी उणे चाळीस अंशांच्या आसपास. घामाने भिजलेले कपडे अंगावरच गोठत आणि त्यांच्या कडक बाह्यांनी मनगटांवर जखमा होत. रात्री झोपायच्या पिशवीत शिरल्यावर ते कपडे अंगाच्या उबेने वितळायचे आणि सकाळी पुन्हा गोठायचे. पुढे बर्फाचे कडे एकमेकांवर चढून झालेले ढिगारे होते. प्रत्येक ढिगाऱ्यावरून जड गाड्या उचलून पलीकडे न्याव्या लागत. तीन गाड्या आणि माणसं दोन, म्हणून कुत्र्यांनाही विश्रांती नव्हती.

कुत्र्यांची कहाणी या मोहिमेतली सगळ्यात जड बाजू आहे. सगळ्यांना पुरेल इतकं खाणं गाड्यांवर मावणारं नव्हतं. म्हणून हिशेब आधीच ठरला होता: जसजसं ओझं कमी होईल तसतसं एकेक कुत्रं मारायचं आणि उरलेल्यांना खाऊ घालायचं. पहिलं कुत्रं मारलं तेव्हा बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांनी त्या मांसाला तोंड लावलं नाही, ती रात्रभर उपाशी राहिली. पुढे भूक वाढली आणि तो नकारही संपला. काडतुसं वाचवायची म्हणून ही कामं सुरीने केली जात. अखेरपर्यंत गाडी ओढणाऱ्या इमानी जनावराचा शेवट असा करावा लागतो, याची सल नान्सेनने आपल्या लिखाणात लपवलेली नाही. तेरा पिल्लांची आई क्विक हीही या अठ्ठावीस जणांत होती.

7 आणि 8 एप्रिलला ते सुमारे 86 अंश 14 मिनिटांपर्यंत पोचले. तोवर कोणीही इतकं उत्तरेला गेलेलं नव्हतं. आधीचा विक्रम त्यांनी जवळजवळ तीन अंशांनी मागे टाकला होता. पण समोर दृष्टी पोचेल तिथपर्यंत बर्फाचे खडक उभे होते. नान्सेन स्कीवर बराच पुढे जाऊन पाहून आला आणि परतीचा निर्णय घेतला. विक्रमाच्या ठिकाणी थोडं गोडधोड खाऊन ते दक्षिणेला वळले.

पाच दिवसांनी, एका लांबलेल्या दिवसाच्या शेवटी, दोघांचीही घड्याळं किल्ली द्यायची राहून बंद पडली. ही लहानशी चूक पुढे वर्षभर भोवली. अचूक वेळ नसेल तर रेखांश काढता येत नाही. त्यामुळे आपण नेमके कुठे आहोत हे त्या दिवसापासून त्यांना खात्रीने ठाऊक नव्हतं.

एप्रिलअखेर, 85 अंशांच्या आसपास, बर्फावर कोल्ह्याच्या पावलांचे ठसे दिसले. नान्सेन थांबून पाहत राहिला. जमिनीपासून इतक्या दूर, या ओसाड बर्फावर हा प्राणी काय खाऊन जगत असेल? कुठेतरी जवळ जमीन आहे का? उत्तर मिळालं नाही, पण आपण इथे एकटे नाही हे कळलं. जून आला तसा बर्फ फुटू लागला. भेगांमधल्या पाण्यात नारव्हाल देवमाशांचे सुस्कारे ऐकू येऊ लागले, डोक्यावर कुरव फिरू लागले. 22 जूनला एक मोठा सील हाती लागला आणि उपासमार टळली. त्या जागी ते महिनाभर राहिले. पुढचं बर्फ वितळून वाट मोकळी व्हावी याची वाट पाहत. नान्सेनने त्या मुक्कामाला 'ओढीचा तळ' असं नाव दिलं. त्याच तळावर एक अस्वलीण दोन पिल्लांसह आली. तिघांचंही मांस उपयोगी पडलं.

24 जुलैला अखेर जमीन दिसली. कित्येक दिवस क्षितिजावर जे ढग म्हणून पाहत होते, तीच बेटं होती.

पुढच्याच पंधरवड्यात या सगळ्या प्रवासातला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग घडला. एका भेगेच्या कडेला नान्सेन आपला कयाक पाण्यात सरकू नये म्हणून धरून उभा होता. मागे झटापटीचा आवाज झाला. वळून पाहतो तर योहान्सेन उताणा पडलेला आणि अस्वलीण त्याच्या अंगावर. तिचा गळा त्याने एका हाताने घट्ट आवळून धरला होता. नान्सेनची बंदूक कयाकमध्ये आणि कयाक पाण्याकडे घसरतोय. तो जड कयाक वर ओढून आणेपर्यंत काही क्षण गेले. तेवढ्यात योहान्सेनचा शांत आवाज आला. आपण आता जरा घाई करावी, नाहीतर उशीर होईल, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला. नॉर्वेजियन भाषेतही मराठीसारखं 'तू' आणि 'तुम्ही' आहे. मृत्यूच्या दाढेत असताना योहान्सेनने आपल्या नेत्याला 'तुम्ही'च म्हटलं. सुग्गेन हे कुत्रं मध्ये पडलं, अस्वलीण क्षणभर त्याच्याकडे वळली, योहान्सेन निसटला आणि नान्सेनने कानामागे गोळी घातली. योहान्सेनच्या काजळलेल्या गालावर पंजाने काळं पुसून एक पांढरा पट्टा उमटला होता आणि एका हाताला किरकोळ जखम झाली होती, एवढीच काय ती इजा.

दोनच दिवसांत बर्फ संपलं आणि उघडं पाणी आलं. पुढचा प्रवास कयाकमधून. अठ्ठावीस कुत्र्यांपैकी दोन उरली होती, नान्सेनचा काइफास आणि योहान्सेनचा सुग्गेन. ज्याने दोन दिवसांपूर्वी अस्वलीणीला थोपवलं तोच सुग्गेन. कयाकमध्ये त्यांना जागा नव्हती. या दोघांसाठी मात्र त्यांनी सुरी काढली नाही. जिवापेक्षा जपलेली दोन काडतुसं खर्च केली. आपलं कुत्रं आपल्या हातांनी मारवेना, म्हणून नान्सेनने योहान्सेनचं कुत्रं आड नेलं आणि योहान्सेनने नान्सेनचं. बर्फाच्या ढिगाऱ्यामागे गोळ्या झाडल्या गेल्या.

ऑगस्टच्या अखेरीस वाट बंद झाली. जवळच्या बेटावर, आज ज्याला जॅक्सन बेट म्हणतात, हिवाळा काढायचा ठरला. खायला, जाळायला, पांघरायला जे काही लागणार ते सगळं जनावरांकडूनच घ्यायचं होतं. वॉलरसचं खांद्याचं हाड स्कीच्या काठीला बांधून फावडं झालं, सुळा घसरगाडीच्या लाकडाला बांधून कुदळ झाली. गोठलेली जमीन खणून, दगड रचून, सुमारे दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद असं खोपट उभं राहिलं. समुद्राने वाहून आणलेला एक ओंडका आढं म्हणून घातला आणि त्यावर वॉलरसची ओली, जड कातडी पसरली. अस्वलांची कातडी अंथरायला. चरबीच्या दिव्यावर उजेड आणि स्वयंपाक. सकाळी अस्वलाच्या मांसाचं सूप, रात्री अस्वलाचंच तळलेलं मांस. नऊ महिने हाच बेत होता.

एवढी चरबी साठवण्यासाठी वॉलरस मारावे लागले. पाण्यात रक्ताने आणि तेलाने माखलेले दोघं ती अजस्र धुडं कापत राहिले. वर कुरवांचे थवे तुकड्यांसाठी कलकलाट करत. अशाच एका शिकारीबद्दल नान्सेनने लिहून ठेवलेला अनुभव विसरता येत नाही. जखमी वॉलरसने त्याच्याकडे मोठ्या, गोल डोळ्यांनी पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. एकट्या प्राण्याची नव्हे, तर सगळ्या असहाय वॉलरसजातीची जगण्याची विनवणी आपल्याला तिथे दिसली आणि ते डोळे पुढेही आपला पिच्छा सोडेनात, अशी कबुली त्याने दिली. ज्याला ही शिकार टाळणं शक्य नव्हतं, त्याने ती करूनही तिला शौर्य म्हटलं नाही. माझ्या दृष्टीने 86 अंश 14 मिनिटांपेक्षा ही कबुली मोठी आहे.

15 ऑक्टोबरला सूर्य मावळला तो फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत. ध्रुवप्रदेशातली ती दीर्घ रात्र आणि दीर्घ उषा मराठी वाचकाला लोकमान्य टिळकांच्या 1903 सालच्या 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' या ग्रंथामुळे ऐकून ठाऊक आहे. या दोघांनी ती अंगावर काढली. दिवसातले वीस वीस तास ते झोपत. वाचायला नौकानयनाची कोष्टकं आणि पंचांग एवढंच. नान्सेन तेच पुन्हा पुन्हा वाचे, छापील अक्षर दिसलं तरी माणसांत असल्यासारखं वाटे. सोबतीला होते कोल्हे. छतावर रात्रभर त्यांची धावपळ चाले. त्यांनी तापमापक पळवला, सुतळीचा गुंडा पळवला, नान्सेनने जमवलेले दगड आणि शेवाळ्याचे नमुनेही नेले. काडतुसं मोजकी असल्यामुळे त्यांना मारणं परवडत नव्हतं. नान्सेन चिडायचा, आणि तेवढंच.

नाताळात योहान्सेनने अंगातला शर्ट उलटा करून घातला. कोरा कपडा नव्हताच. वर्षाच्या शेवटच्या रात्री दोघांनी एक ठराव केला: आता एकमेकांना 'तू' म्हणायचं. पावणेदोन वर्षं एकाच जहाजावर आणि नंतर नऊ महिने एकाच पांघरुणात काढल्यावर, एकाने दुसऱ्याला अस्वलाच्या जबड्यातून सोडवल्यावर, मग कुठे 'तुम्ही' सुटलं.

फेब्रुवारीच्या अखेरीस दक्षिणेकडून लहान ऑक पक्ष्यांचे थवे डोंगराकडे चिवचिवत आले. माणसाच्या आधी वसंताची बातमी त्यांनी आणली.

19 मे 1896 रोजी दोघं खोपट सोडून निघाले. 12 जूनला टेहळणीसाठी ते एका टेकाडावर चढले असताना बांधलेले कयाक सुटून पाण्यात वाहून जाऊ लागले. त्यात त्यांचं सर्वस्व होतं. नान्सेनने बर्फाळ पाण्यात उडी मारली आणि हातपाय बधिर होईपर्यंत पोहून ते गाठले. वर चढल्यावर थंडीने काकडत असतानाच त्याला दोन ऑक पक्षी दिसले आणि त्या अवस्थेतही त्याने ते टिपले. रात्रीच्या जेवणाची सोय झाली. त्यानंतर लवकरच एका वॉलरसने त्याच्या कयाकवर हल्ला केला, सुळ्याने तळाला भोक पाडलं आणि कयाक बुडता बुडता वाचला. ज्यांच्या कातडीखाली हिवाळा काढला, त्यांच्यापैकीच एक जण त्यांना जवळजवळ घेऊन जात होता.

कयाक वाळवण्यासाठी केलेल्या त्या मुक्कामावर, 17 जूनच्या सकाळी, नान्सेन न्याहारीची तयारी करत होता. कड्यावरच्या हजारो पक्ष्यांच्या गलक्यात त्याला एक वेगळा आवाज ऐकू आला. कुत्र्याचं भुंकणं. योहान्सेनचा विश्वास बसेना. नान्सेन स्कीवर निघाला. बर्फावर ठसे दिसले, ते कोल्ह्याच्या पावलांपेक्षा मोठे होते. मग माणसाचा आवाज आला, कुत्र्याशी इंग्रजीत बोलणारा. तो फ्रेडरिक जॅक्सन होता, फ्रांझ योझेफ लँडवर आलेल्या ब्रिटिश मोहिमेचा प्रमुख. हाच जॅक्सन एकदा फ्रामवर घ्या म्हणून नान्सेनकडे विचारणा करून आला होता आणि नाकारला गेला होता. काजळी आणि तेलाने काळवंडलेल्या त्या केसाळ माणसाला त्याने प्रथम ओळखलं नाही. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं.

केप फ्लोरा इथल्या जॅक्सनच्या तळावर दोघांची वजनं झाली. जगाने मेलेला मानलेला नान्सेन फ्राम सोडल्यापासून सुमारे दहा किलोंनी जाड झाला होता आणि योहान्सेन सहा किलोंनी. उपाशी मरायला हवे होते त्या बेटावर अस्वलांनी आणि वॉलरसांनी त्यांना इतकं पोसलं होतं. 13 ऑगस्ट 1896 रोजी नान्सेन नॉर्वेच्या व्हार्डो बंदरात उतरला. त्याच दिवशी, कुणाला कल्पना नसताना, स्वेरद्रुपने फ्राम बर्फातून सोडवून मोकळ्या पाण्यात आणलं. तेराच्या तेरा माणसं सुखरूप परतली.

पुढे नान्सेनने युद्धकैदी आणि निर्वासितांसाठी जे काम केलं, त्यासाठी 1922 चं शांततेचं नोबेल त्याला मिळालं. योहान्सेन 1913 मध्ये, निराशेत, स्वतःच्या हाताने गेला.

नान्सेननंतरच्या शिकाऱ्यांना त्याच्यासारखी निकड नव्हती. स्वालबार्डच्या बेटांवर वॉलरस जवळपास संपले, तेव्हा कुठे 1952 मध्ये नॉर्वेने तिथे त्यांची शिकार बंद केली. 1973 च्या नोव्हेंबरमध्ये ध्रुवीय अस्वलांच्या रक्षणासाठी नॉर्वे, डेन्मार्क, कॅनडा, अमेरिका आणि सोव्हिएत संघ या पाच देशांनी करार केला. तो ज्या शहरात झाला ते ऑस्लो, फ्राम जिथून निघालं तेच. आज फ्रामही त्याच शहरात एका संग्रहालयात उभं आहे.

जॅक्सन बेटावरच्या त्या खोपटाचा खड्डा, काही दगड आणि वर आडवा पडलेला आढ्याचा ओंडका अजून शिल्लक आहे. छताची कातडी केव्हाच गेली. ती ज्यांची होती, त्यांची पुढची पिढी समोरच्या पाण्यात अजून पोहते आहे, बर्फाच्या लादीवर चढून ऊन खाते आहे. तिथला बर्फ मात्र वर्षागणिक विरळ होत चालला आहे. त्या काळोखात दोन माणसांना ज्यांनी नऊ महिने जगवलं, त्यांच्या पायाखालचं बर्फ टिकवणं हे आता आपल्याकडे आलेलं देणं आहे. ते फेडण्याची सुरुवात नान्सेनने केलेल्या हिशेबापासून व्हावी: कोणाच्या जिवावर आपण जगलो ते आधी नावानिशी लिहून ठेवायचं. काइफास आणि सुग्गेन ही नावं आपल्याला आज ठाऊक आहेत, कारण त्याने ती लिहून ठेवली.